प्रेअरीतल्या गावांची स्मरणनोंद : वाचकांचे प्रश्न

कॅनडाच्या प्रेअरी पट्ट्यात, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांच्या गवताळ सपाटीवर, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वसलेली अनेक खेडी आता ओस पडत चालली आहेत. शाळा बंद झाल्या, रेल्वेचे फाटे उखडले, चर्चला कुलूप लागलं. मागे राहिली ती दफनभूमी, आणि गावातून गेलेल्यांच्या आयुष्याची नोंद करून ठेवावी म्हणून धडपडणारी चार-पाच म्हातारी माणसं. त्या भागात स्थायिक झालेले काही मराठी वाचक या कामात हात लावत आहेत. त्यांच्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मी सस्कॅचेवानमधल्या एका लहान गावात शिक्षिका होते. गावच्या समितीने दफनभूमीतल्या प्रत्येक माणसाविषयी एकेक पान लिहायचं ठरवलं आहे. 140 च्या आसपास कबरी आहेत. सुरुवात कुठून करावी? (एक वाचक, रिजायना)

लिहिण्यापासून करू नका, यादीपासून करा. पहिला महिना फक्त तीन याद्या बनवण्यात घालवा. एक, दगडांवरून उतरवलेली. दुसरी, चर्चच्या दफन-नोंदवहीतली. तिसरी, रूरल म्युनिसिपालिटीच्या, म्हणजे ग्रामीण भागाच्या स्थानिक कारभार-संस्थेच्या, कचेरीत किंवा अंत्यविधी करणाऱ्या संस्थेकडे असलेली. या तिन्ही कधीच जुळत नाहीत आणि न जुळणारी नावं हाच तुमच्या कामाचा गाभा असतो. जो नोंदवहीत आहे पण दगडावर नाही, त्याची कबर खुणेशिवाय आहे. जो दगडावर आहे पण वहीत नाही, तो बहुधा दुसरीकडे पुरला गेला आहे आणि नाव मात्र जोडीदाराच्या दगडावर कोरलं आहे. चर्च बंद झालं असेल तर वही त्या पंथाच्या प्रांतिक दफ्तरात किंवा बिशपच्या कार्यालयात गेलेली असते. ती समितीतल्या कुणाच्या तरी तळघरातही निघू शकते, तेव्हा आधी गावात विचारा.

मग जमिनीकडे वळा. आपल्याकडे माणूस शोधायला सातबारा कामी येतो, तसा तिथे क्वार्टरचा क्रमांक. डॉमिनियन लँड सर्व्हेने, म्हणजे कॅनडा सरकारच्या जमीनमोजणीने, सगळी प्रेअरी चौकोनांत कापली. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिच्यात एकेक चौरस मैलाची 36 सेक्शन, आणि प्रत्येक सेक्शनचे 160 एकरांचे चार क्वार्टर. नोंद अशी दिसते : वायव्य 14-22-9, दुसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेला. म्हणजे सेक्शन 14, टाउनशिप 22, रेंज 9. टाउनशिप अमेरिकेच्या सीमेपासून उत्तरेकडे मोजतात आणि रेंज मेरिडियनपासून पश्चिमेकडे. दुसरी मेरिडियन 102 अंश पश्चिम रेखांशावर आहे. तेव्हा ही जागा सीमेच्या उत्तरेला सुमारे 130 मैल आणि त्या रेखांशाच्या पश्चिमेला सुमारे 50 मैल. सेक्शनचे क्रमांक आग्नेय कोपऱ्यातून सुरू होतात, पहिल्या ओळीत पश्चिमेकडे जातात, दुसऱ्या ओळीत उलटे पूर्वेकडे, असे नागमोडी. नवखा माणूस डावीकडून उजवीकडे मोजत सुटतो आणि भलत्याच शेताला जाऊन पोचतो.

क्रमांक हाती आला की होमस्टेडची, म्हणजे वसायला येणाऱ्याला सरकारने दिलेल्या जमिनीची, फाइल मागवा. 1872 च्या कायद्याने 10 डॉलर भरून एक क्वार्टर मिळत असे. तीन वर्षं, दर वर्षी किमान सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं, ठरावीक एकर कोरी जमीन नांगरून लागवडीला आणायची, मग मालकीचा पट्टा. पट्ट्यासाठी केलेल्या अर्जात शपथेवर लिहिलेलं असतं : कुटुंबात किती जण, कोणत्या वर्षी किती एकर नांगरले, किती पेरले, गुरं किती, घर केवढं नि त्याची किंमत काय. शिवाय दोन शेजाऱ्यांची साक्ष. एखाद्याचं आयुष्य सांगायला याहून भरवशाचा कागद क्वचितच मिळेल. सस्कॅचेवानच्या फाइली प्रांतिक अभिलेखागारात आहेत. नावाने किंवा जमिनीच्या क्रमांकाने शोधता येतात. शक्यतो क्रमांकाने शोधा, कारण नावांची स्पेलिंगं कारकुनागणिक बदलली आहेत.

फाइल सापडली नाही तर तो माणूस तिथे नव्हता असं धरू नका. विषम क्रमांकाच्या बऱ्याच सेक्शन रेल्वे कंपन्यांना दिल्या होत्या, 8 आणि 26 हडसन्स बे या जुन्या व्यापारी कंपनीच्या वाट्याला, 11 आणि 29 शाळांसाठी राखून ठेवलेल्या. तिथली जमीन विकत घेतलेली असते, म्हणून होमस्टेडची फाइल बनतच नाही. अशा वेळी म्युनिसिपालिटीची कर-वही आणि 1917 ते 1930 या काळातले कमिन्स कंपनीचे नकाशे बघा. त्यांत प्रत्येक क्वार्टरवर जमीनधारकाचं नाव छापलेलं आहे. आणि एकाच क्वार्टरच्या फाइलमध्ये आधी सोडून गेलेल्या माणसाचे कागदही असू शकतात. त्याच्या नशिबी दगडही नाही, गावही नाही. त्याला तुमच्या पुस्तकात दोन ओळी द्या.

प्रश्न : बऱ्याच दगडांवरची अक्षरं वाचता येत नाहीत. काहींवर शेवाळ आणि नारिंगी दगडफूल चढलं आहे. पॉवर वॉशरने धुवावं असं समितीतले काही म्हणतात. (एक वाचक, सॅस्काटून)

पॉवर वॉशर मुळीच नको. जुना संगमरवर आतून साखरेसारखा सुटा झालेला असतो. जोराच्या पाण्याने वरचा थर निघून जातो आणि त्यासोबत नावही. तारेचा ब्रश, ब्लीच, ॲसिड यांनाही हीच बंदी. ब्लीचमुळे दगड त्या दिवशी पांढराशुभ्र दिसतो, पण त्यातले क्षार आत शिरून स्फटिक बनतात आणि दोन-चार वर्षांत पापुद्रे सुटू लागतात.

आधी वाचायचा प्रयत्न करा, धुवायचा नंतर. वाचण्यासाठी दगड स्वच्छ असण्यापेक्षा उजेड तिरपा असणं महत्त्वाचं. दोघांनी जा. एकाने उभा लांब आरसा धरून दगडाच्या कडेवरून ऊन सरपटत टाकावं, दुसऱ्याने फोटो घ्यावा. सूर्य पाठीमागे असला तरी आरशाने काम भागतं. ढगाळ दिवस असेल तर संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरा. अक्षरांवर खडू, पीठ किंवा दाढीचा फेस चोळायची जुनी सवय अनेकांना असते. पीठ बुरशीला खाद्य देतं, फेसातलं आम्ल संगमरवराला खातं. तेही नको.

धुवायचंच असेल तर आधी दगड तपासा. बोट फिरवल्यावर कण हाताला लागत असतील, टकटक केल्यावर पोकळ आवाज येत असेल किंवा भेग दिसत असेल तर त्याला हात लावू नका. ठणठणीत दगडाला भरपूर साधं पाणी पाजा. एका दगडाला 10 लिटर सहज लागतं, आणि प्रेअरीतल्या दफनभूमीत नळ नसतो, तेव्हा पाणी गाडीतून न्या. दगडफूल ओलं होऊन फुगलं की लाकडी किंवा बांबूच्या पट्टीने हलकेच उचला. मग मऊ नायलॉनचा ब्रश, खालून वर. वरून खाली घासलं तर मळकं पाणी कोरड्या भागात ओघळून डाग पाडतं. प्रत्येक टप्प्यावर खळखळून धुवा. शेवाळ हटत नसेल तर डी/2 सारखं दगडांसाठीचं जैवनाशक द्रव लावून 10-15 मिनिटं थांबा, घासा, धुवा. पूर्ण परिणाम काही आठवड्यांनी दिसतो, म्हणून त्याच दिवशी पुन्हा पुन्हा लावू नका.

हे काम मे महिन्याच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच करा. ओला दगड रात्री गोठला तर आतलं पाणी फुगून तो तडकतो.

कलंडलेल्या दगडांबद्दल एक इशारा. जमीन गोठताना फुगते, वितळताना बसते, त्यामुळे दगड वाकडे होतात. ते सरळ करायचा मोह होतो. पण 60 बाय 30 बाय 20 सेंटिमीटरचा ग्रॅनाइटचा तुकडासुद्धा जवळजवळ 100 किलो भरतो. एकट्याने हात घालू नका. आणि जुनी पातळ फरशी सिमेंटमध्ये रोवू नका. ती हलायला जागा राहिली नाही की सिमेंटच्या कडेवर मोडते. खाली खडीचा थर द्या, पाणी निचरू द्या.

प्रश्न : युक्रेनियन कबरींवरच्या तारखा आणि मृत्यूच्या दाखल्यावरच्या तारखा जुळत नाहीत. कोणती खरी मानायची? (एक वाचक, विनिपेग)

फरक 13 दिवसांचा असेल तर दोन्ही खऱ्या आहेत. चर्चचं कॅलेंडर जुलियन होतं, सरकारचं ग्रेगोरियन. विसाव्या शतकात दोघांत 13 दिवसांचं अंतर आहे, एकोणिसाव्यात 12 दिवसांचं. 1900 च्या आधी युरोपात जन्मलेल्याची जन्मतारीख आणि इथली मृत्युतारीख एकाच हिशेबाने बदलू नका. वर्षअखेरीस तर वर्षही पालटतं : दगडावर 25 डिसेंबर 1917 आणि दाखल्यावर 7 जानेवारी 1918 हा एकच दिवस. पुस्तकात दोन्ही तारखा छापा आणि कोणती कुठली ते सांगा.

तारखांची दुसरी गोम हिवाळ्याची. जमीन दगडासारखी गोठल्यावर खड्डा खणणं अशक्य व्हायचं, तेव्हा कोळसा किंवा गवत जाळून माती वितळवत, नाहीतर पेटी थंड खोपटात ठेवून वसंताची वाट बघत. म्हणून मृत्यू जानेवारीतला आणि दफन एप्रिलमधलं असं आढळलं तर ती चूक समजून ‘दुरुस्त’ करू नका.

लिपीसाठी एवढं लक्षात ठेवा : इंग्रजी पी-सारखं दिसणारं अक्षर तिथे ‘र’ आहे, एच-सारखं ‘न’, सी-सारखं ‘स’ आणि बी-सारखं ‘व’. इंग्रजीसारखं वाचून नाव उतरवलं की ते नाव कुठल्याच नोंदीत सापडत नाही. जनगणनेत याच लोकांना कधी ऑस्ट्रियन, कधी गॅलिशियन, कधी रुथेनियन म्हटलं आहे, कारण गॅलिशिया हा त्यांचा मूळ प्रदेश 1918 पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आलेल्यांपुढे ‘पोलंड’ लिहिलेलं सापडेल. देश वेगळा दिसला म्हणून माणूस वेगळा ठरवू नका.

प्रश्न : आमच्या गावच्या जुन्या पुस्तकात पुरुषांची चरित्रं आहेत, बायका मात्र ‘अमक्याची पत्नी’ एवढ्याच. लहान मुलं तर नाहीतच. यांची माहिती कशी काढावी? (एक वाचक, ब्रँडन)

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं हे काम आहे. होमस्टेडचा हक्क 18 वर्षांवरच्या पुरुषाला होता. बाईला तो मिळे तो बहुतेक करून विधवा असून पदरात अल्पवयीन मुलं असतील तरच. त्यामुळे जमिनीच्या कागदांवर बायकांची नावं जवळजवळ नाहीतच. 1955 मध्ये सस्कॅचेवानचा सुवर्णमहोत्सव झाला आणि 1980 मध्ये 75 वर्षं पुरी झाली, तेव्हा तिथे गावोगाव इतिहासाची पुस्तकं निघाली. ती पुस्तकंही क्वार्टरच्या मालकांच्या क्रमाने लिहिली गेली, आणि ती उणीव तशीच पुढे आली.

पहिला आधार जनगणना. 1901 च्या जनगणनेत पूर्ण जन्मतारीख विचारली होती, 1911 मध्ये महिना आणि वर्ष. प्रेअरी प्रांतांची 1906, 1916 आणि 1926 मध्ये वेगळी जनगणना झाली, त्यामुळे दर पाच वर्षांनी घरात कोण होतं ते दिसतं. एखादं मूल 1906 मध्ये आहे आणि 1911 मध्ये नाही, तर त्या पाच वर्षांतली दफन-नोंदवही ओळीने वाचा. 1931 पर्यंतच्या जनगणना खुल्या झाल्या आहेत. 1935 पासूनच्या संघराज्याच्या मतदारयाद्यांत बायकांची नावं स्वतंत्रपणे येतात.

माहेरचं नाव हवं असेल तर तिच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि तिच्या भावांच्या निधनवार्ता बघा. भावाच्या निधनवार्तेत ‘मागे बहीण अमुक, राहणार तमुक’ असं असतं आणि तेवढ्यावर दोन गावं जोडली जातात.

मग त्या कागदांकडे वळा, ज्यांना कुणी कागद समजत नाही. 1911 पासून सस्कॅचेवानमध्ये होममेकर्स क्लब स्थापन होत गेले. त्यांच्या इतिवृत्तांत कुणी कोणत्या आजाऱ्याच्या घरी शुश्रूषेला गेलं, शाळेला पुस्तकं घ्यायला कुणी पैसे जमवले, हे नावानिशी असतं. चर्चच्या महिला मंडळांनी छापलेल्या पाककृतींच्या वह्यांत प्रत्येक पाककृतीखाली नाव असतं. निधी उभारायला शिवलेल्या सह्यांच्या गोधड्यांवर थोडे पैसे घेऊन नाव भरून देत. अशी एक गोधडी म्हणजे त्या वर्षीच्या गावाची यादीच. गोधडी संपूर्ण आणि मग चौकटीगणिक, असे दोन्ही फोटो घ्या. कोणाचं नाव कोणाशेजारी आहे यावरूनही नाती कळतात.

सुईणींबद्दल मुद्दाम विचारा. डॉक्टर 30-40 मैल लांब असायचा, आणि बाळंतपणं करणारी बाई प्रत्येक वस्तीत असायची. जन्माच्या नोंदणीत ‘हजर असलेली व्यक्ती’ या रकान्यात तिचं नाव पुन्हा पुन्हा आढळेल. ते मोजा. ‘ती प्रेमळ होती’ या वाक्यापेक्षा ‘नोंदवहीतल्या इतक्या बाळंतपणांना ती हजर होती’ हे वाक्य तिला जास्त न्याय देतं.

लहान मुलांच्या कबरी पुष्कळदा शेतातच आहेत, विशेषतः दफनभूमी होण्याआधीच्या आणि 1918 च्या शरदातल्या फ्लूच्या साथीतल्या. उशापायथ्याला ठेवलेले शेतातले दोन धोंडे, लांबट खोलगट जागा, कुणी लावलेली लायलॅकची किंवा कॅरागानाची झुडपं, या खुणा. जमीनमालकाची परवानगी घ्या, जीपीएसवर जागा नोंदवा, फोटो काढा. खणायचं नाही. भूभेदी रडार वापरायचं ठरलं तर एवढं समजून घ्या की त्यात मृतदेह दिसत नाही, मातीचे थर विस्कटलेले दिसतात. चिकणमातीत तर तेही धूसर. आदिवासी मुलांच्या निवासी शाळांजवळच्या जागांवर मात्र त्या त्या फर्स्ट नेशनने, म्हणजे तिथल्या आदिवासी समाजाने, सांगितल्याशिवाय कोणतंही शोधकाम करू नका. 2021 मध्ये काउएसेस फर्स्ट नेशनने मारिव्हल इथल्या जुन्या निवासी शाळेजवळ 751 बेनाम कबरींचा शोध जाहीर केला. तिथे कुणाची आठवण कशी ठेवायची हे ठरवण्याचा अधिकार त्या समाजाचा आहे. पण अशी शाळा शेजारी असूनही गावाच्या पुस्तकात तिचा उल्लेखच नसेल तर ते पुस्तक अपुरं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : एका पानात काय लिहावं? सगळीच माणसं ‘कष्टाळू आणि देवभीरू’ होऊन बसली आहेत. आत्महत्या, वेड, भांडणं यांचं काय करावं? (एक वाचक, रिजायना)

विशेषणं काढा आणि त्या जागी क्रिया लिहा. ‘कष्टाळू शेतकरी’ याऐवजी : ‘1906 मध्ये क्वार्टर घेतला. पहिल्या वर्षी 8 एकर नांगरले, तिसऱ्या वर्षी 22. घर मातीच्या ढेकळांचं. 1930 च्या दशकातल्या दुष्काळात दोन वर्षं सरकारी बियाणं घेतलं आणि जमीन सोडली नाही.’ एवढ्यात माणूस उभा राहतो. दीडशे ते अडीचशे शब्द पुरे. जन्म, आगमन, जमीन, लग्न, मुलं, गावात केलेलं एखादं काम, मृत्यू. प्रत्येक तारखेला निदान दोन आधार असावेत. एकच असेल तर तसं लिहा. नातवाने सांगितलेली गोष्ट कागदाशी जुळत नसेल तर ‘घरात असं सांगतात’ म्हणून ठेवा, गाळू नका.

मृत्यूचं कारण जिवंत जवळच्या नातेवाइकांना विचारल्याशिवाय छापू नये. वेबर्नचं मनोरुग्णालय 1921 मध्ये सुरू झालं. प्रेअरीतल्या अनेक घरांतलं कुणी ना कुणी तिथे किंवा नॉर्थ बॅटलफोर्डच्या तशाच रुग्णालयात आयुष्य घालवून गेलं आणि घराच्या कहाणीतून पुसलं गेलं. त्यांना नाव द्या, जन्म-मृत्यू द्या, घरातलं स्थान द्या. आजाराचं नाव द्यायची गरज नाही. शेताच्या बांधावरून झालेली भांडणं सोडून द्या. गावाला दोन चर्चं का झाली असलं भांडण मात्र लिहायला हवं, कारण ते गावाच्या जडणघडणीचा भाग आहे.

युद्धात गेलेल्या मुलांसाठी एक जोड द्या. पहिल्या महायुद्धातल्या कॅनेडियन सैनिकांच्या सहा लाखांहून जास्त फाइली ऑनलाइन आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या मृतांची नावं सस्कॅचेवानने उत्तरेकडच्या तळ्यांना, बेटांना, उपसागरांना दिली आहेत. त्यांची संख्या 4,000 च्या घरात जाते. तुमच्या गावच्या मुलाचं तळं कुठे आहे ते अक्षांश-रेखांशांसह त्याच्या पानावर छापा.

प्रश्न : माझे वडील प्रेअरीतल्या एका खेड्यात अनेक वर्षं डॉक्टर होते. त्यांचं दहन झालं, कबर नाही. गावाला त्यांचं नाव दफनभूमीत हवं आहे, आईला ते देवनागरीत हवं आहे. (एक वाचक, कॅलगरी)

कबरीशिवाय स्मृतिदगड बसवता येतो. दफनभूमी ज्या मंडळाच्या ताब्यात आहे त्यांच्याकडे लेखी अर्ज करा, त्यात दगडाची लांबी-रुंदी, पायाची खोली आणि देखभालीची वर्गणी यांचे नियम मागून घ्या. पुस्तकात त्यांचं पान इतरांच्या ओळीतच यावं, ‘बाहेरून आलेले’ असं वेगळं प्रकरण काढू देऊ नका. त्या गावात सगळेच बाहेरून आलेले आहेत.

देवनागरीची मात्र काळजी घ्या. तिथल्या दगड कोरणाऱ्यांकडचं सॉफ्टवेअर अनेकदा जोडाक्षरं फोडतं : ‘स्मृती’चं ‘स् मृती’ होतं, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर जाऊन बसते. मजकूर टाइप करून पाठवू नका. अक्षरं बाह्यरेषांत रूपांतरित करून वेक्टर फाइल द्या, आणि सोबत पीडीएफ, म्हणजे तुलना करता येईल. जाड, सारख्या रेघेचा टंक निवडा. वाळूच्या माऱ्याने कोरताना बारीक रेघा आणि अनुस्वाराचे लहान ठिपके स्टेन्सिलमधून सुटतात. कोरण्याआधी खऱ्या मापाची छापील प्रत मागवा आणि मराठी वाचणाऱ्या दोघांकडून अक्षर अक्षर तपासून तिच्यावर सही करा. खाली इंग्रजी नाव असू द्या, आणि ते वैद्यकीय परवान्यावर होतं त्याच स्पेलिंगमध्ये. गावातल्या माणसांना ते तसंच ठाऊक आहे.

प्रश्न : पुस्तकाच्या किती प्रती काढाव्यात आणि कुठे ठेवाव्यात? (एक वाचक, सॅस्काटून)

कुटुंबांकडून आगाऊ नोंदणी घ्या आणि तिच्यावर पंचवीस-तीस टक्के जास्त छापा. शिवणीची बांधणी घ्या. नुसत्या डिंकाची पुस्तकं थंडीत गाडीत राहिली की कण्यावर तडकतात. कॅनडात आयएसबीएन मोफत मिळतो. चार ते शंभर प्रती काढल्यात तर एक, शंभरहून जास्त काढल्यात तर दोन प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला देणं कायद्याने बंधनकारक आहे. एकेक प्रत प्रांतिक अभिलेखागार, जवळचं सार्वजनिक वाचनालय आणि वंशावळ संस्थेला द्या. मूळ फोटो 600 डीपीआयला टिफमध्ये स्कॅन करा आणि मागच्या बाजूवरचं लिखाणही स्कॅन करा. मूळ फोटो घरच्यांना परत देताना नावं मऊ पेन्सिलने मागे, कडेला लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतो.